उलाळ भरलेली गाडी : चौदा फुटी ट्रेलरमध्ये तीन रेसिंग कार्ट बसवताना

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. इंजिनांच्या कारखान्यामुळे कोथरूडहून इथे येऊन राहिलेली मराठी घरं या गावात बरीच आहेत, आणि आमचं घर त्यातलंच एक. मूळ गाव मात्र कोल्हापूरजवळचं. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, आणि दोघांनाही कार्ट रेसिंगचं, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांच्या शर्यतींचं वेड. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या पिंपरीच्या मित्राची मुलगी आमच्या मुलीबरोबर ज्युनिअर गटात धावते. अशा दोन घरांच्या मिळून तीन कार्ट झाल्या : दोन ज्युनिअर आणि एक लहान मुलांची कॅडेट. तिन्हींना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं '२०६' नावाचं फोर-स्ट्रोक इंजिन. अर्ध्या तासावर व्हाइटलँडचा जुना ट्रॅक आहे, दीडेक तासावर न्यू कॅसलचा मोठा. एप्रिल ते ऑक्टोबर बहुतेक शनिवार-रविवार या दोनपैकी एका ठिकाणी जातात.

सुरुवातीला उघड्या ट्रेलरवर ताडपत्री टाकून नेत होतो. पावसात चेन आणि बेअरिंग गंजायच्या, रात्री हॉटेलबाहेर ट्रेलर उभा केला की झोप लागायची नाही. शेवटी दोन्ही घरांनी मिळून एक वापरलेला बंद ट्रेलर घेतला. राज्याच्या उत्तरेला एल्कहार्टच्या परिसरात असे ट्रेलर बनवणारे कारखाने ओळीने आहेत, त्यामुळे इकडे जुना माल सहज मिळतो. ७ फूट रुंद, १४ फूट लांब, पुढे होडीसारखं निमुळतं नाक, दोन अ‍ॅक्सल, विजेवर चालणारे ब्रेक, मागे खाली पडणारा रॅम्पचा दरवाजा आणि पुढे उजव्या बाजूला माणसाला शिरायचा दरवाजा. आत चार मोकळ्या प्लायच्या भिंती आणि एक दिवा, एवढंच.

त्या मोकळ्या डब्याचं काय केलं, काय चुकलं आणि मग ते कसं सुधारलं, ते इथे आकड्यांसकट लिहितो आहे. नवीन ट्रेलर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी कपाटांचा विचार करतो. मीही तेच केलं होतं.

पहिली मांडणी

माझा हिशोब सरळ होता. ट्रॅकवर पोचल्यावर जे आधी लागतं ते दाराजवळ ठेवायचं. म्हणून मागच्या रॅम्पलगत डाव्या भिंतीला टेबल ठोकलं, त्यावर शेगडा (वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस) बसवला, खाली पाने-हत्यारांची मोठी पेटी, शेजारी जनरेटर, स्पेअर इंजिन आणि कार्टचं वजन नियमात बसवायला लागणारं शिसं. हा सगळा ऐवज १२० किलोच्या आसपास. पुढच्या निमुळत्या नाकात छान कपाटं केली आणि त्यात हेल्मेट, रेस सूट, हातमोजे, मुलांची पांघरुणं ठेवली. दोन ज्युनिअर कार्ट जमिनीवर एकामागे एक, आणि पुढच्या कार्टच्या वर प्लायचा माळा करून त्यावर कॅडेट. माळ्यावर ती चढवायला चार माणसं लागायची, पण जागा वाचते म्हणून मी खूश होतो.

भिंतीवर ई-ट्रॅकच्या पट्ट्या लावल्या. ही खाचा असलेली पोलादी पट्टी असते, तिच्यात कुठेही हूक अडकवून पट्टा ताणता येतो. त्या मी लाकडात बसवायच्या एक इंची स्क्रूंनी थेट प्लायमध्ये ठोकल्या. हाताने ओढून पाहिल्या, हलल्या नाहीत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही आय-६५ या महामार्गावर उत्तरेला निघालो होतो. ताशी ६० मैलांच्या जरा वर वेग होता. डावीकडून एक मोठा ट्रक पुढे गेला. त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलरला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं, आणि शेपूट डुलायला लागलं. पहिला झोला लहान होता, दुसरा मोठा, तिसऱ्याला आमच्या गाडीची मागची चाकंही त्याच्याबरोबर सरकताना जाणवली. मागच्या सीटवर मुलं होती. पाय ब्रेककडे गेला होता, तो आवरला, कारण अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला की मागून ट्रेलर आणखी जोरात ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ हाताने हळूहळू दाबली. ट्रेलर मागून ताणला गेला, डुलणं थांबलं. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून रॅम्प उघडला तर मागच्या कार्टच्या एका पट्ट्याने ई-ट्रॅक भिंतीतून उपटून काढला होता आणि कार्ट वीतभर सरकून टेबलाच्या पायाला टेकली होती.

रेसला गेलो नाही. चाळीस मैलांनी परत आलो.

आबांनी दांडी उचलून पाहिली

त्या उन्हाळ्यात वडील गावाहून आले होते. आबांनी आयुष्यभर शेती केली आणि कितीतरी हंगाम बैलगाडीतून कारखान्याला ऊस घातला. मी दारात ट्रेलर सोडवत होतो तेव्हा ते बाजूला उभे होते. पुढची दांडी जॅकवर चढत असताना त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून वर उचलायला पाहिली, आणि ती थोडी हलली. ते म्हणाले, "लेका, गाडी उलाळ भरलीयास की. जू मानंवर बसंल एवढं वजन पुढं लागतंयच."

उलाळ म्हणजे मागे वजन जास्त झाल्याने पुढून उचलणारी गाडी. बैलांच्या मानेवर फार भार आला तर बैल मरतो, अजिबात भार नसला तर जू वर उचलतं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. ट्रेलरचं तंत्र हेच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यावा लागतो. त्याहून कमी असला तर ट्रेलर हुकाभोवती लंबकासारखा झुलतो, आणि वेग वाढेल तशी झोल्यांची ताकद वाढते. मी इंजिनिअर आहे, हा नियम मी वाचलेलाही होता. पण मोजलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मोजलं. दांडीचा भार मोजायला घरातला पायाचा वजनकाटा पुरतो. तीन फुटी जाड फळी घ्यायची, एका टोकाखाली वीट आणि दुसऱ्या टोकाखाली काटा, दोन्हींवर आडवी पाइप ठेवून. विटेकडच्या पाइपेपासून १ फुटावर, म्हणजे काट्याकडच्या पाइपेपासून २ फुटांवर दांडीचा जॅक टेकवायचा. काट्यावर जे येईल त्याची तिप्पट म्हणजे दांडीचा खरा भार. ट्रेलर मात्र सपाट जमिनीवर, पाणसळीत हवा आणि चाकांना अडण्या लावलेल्या हव्यात. काट्याने २८ किलो दाखवले. फळीचं वजन वजा करून हा आकडा घेतला होता. तिप्पट ८४ किलो.

एकूण वजनासाठी हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर गेलो. एकदा ट्रेलर जोडून, एकदा नुसती गाडी, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ट्रेलर. तो १,५६० किलो भरला. ८४ म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. आमच्या एसयूव्हीला ओढायची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो, आणि हुकावर जास्तीत जास्त ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. तेव्हा दांडीवर १५६ किलोच्या खाली जायचं नाही आणि २२७ च्या वर जायचं नाही, एवढीच खिडकी होती. ट्रेलरच्या कागदावर ७,००० पौंडांची क्षमता लिहिली आहे, पण ती ट्रेलरच्या चाकांची आणि सांगाड्याची झाली. खरी मर्यादा पुढच्या गाडीची.

दुसरी मांडणी

मग सगळं उपसून काढलं. रिकाम्या डब्यात खडूने जमिनीवर अ‍ॅक्सलची मध्यरेषा आखली आणि हुकापासून प्रत्येक जागेचं अंतर टेपने मोजून भिंतीवर लिहिलं. हुक ते अ‍ॅक्सलची मध्यरेषा १२½ फूट. एखादं वजन पुढे सरकवलं तर दांडीवर किती भार वाढेल हे काढायला शाळेतलं तरफेचं गणित पुरतं : वजन गुणिले सरकवलेले फूट, भागिले साडेबारा.

हत्यारांची पेटी, शिसं आणि स्पेअर इंजिन मिळून ९९ किलो. रॅम्पजवळून नाकात, म्हणजे १२ फूट पुढे. ९५ किलोंची वाढ. २१ किलोंचा जनरेटर डब्याच्या बाहेर, दांडीवर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत, साडेपंधरा फूट पुढे. आणखी २६. नाकातली सुबक कपाटं तोडली, तिथे १८ इंच खोलीचं मजबूत टेबल केलं आणि शेगडा त्यावर आणला. हेल्मेट आणि कपड्यांचं हलकं सामान मागच्या भिंतींवर वरच्या बाजूला जाळीच्या खणांत गेलं.

माळा काढून टाकला. त्याने वजन उंच जात होतं, वळणावर ट्रेलर कलायचा, आणि शिवाय चार माणसं रोज कुठून आणायची? पण मग कॅडेट कुठे ठेवायची हा खरा पेच होता. आतली रुंदी ८० इंच. ज्युनिअर कार्ट बंपरसकट ७२ इंच लांब आणि ५२ इंच रुंद. दोन एकामागे एक ठेवल्या की लांबीतले १४४ इंच गेले, उरले २४ इंच आणि नाकातली जागा. रुंदीत कार्ट उजव्या भिंतीला लावल्या तर डावीकडे २८ इंचांची बोळ उरते. कॅडेट मागच्या बंपरवर उभी केली तर तिला भिंतीपासून २४ इंच लागतात. मावत होती.

पण फोर-स्ट्रोक इंजिन असलेली कार्ट तशी उभी करता येत नाही. क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या पोटातलं तेल ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडणाऱ्या नळीतून बाहेर येतं, सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये शिरतं, टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं. टू-स्ट्रोकवाले टाकी रिकामी करून खुशाल उभी करतात, ते पाहून आपण करायला जाऊ नये. आम्ही उपाय असा काढला की घरून निघताना कॅडेटचं इंजिन उतरवायचं. चेन काढून खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सोडले की ते सुटतं. सवय झाल्यावर दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा आता त्यातलं निम्मं स्वतः करतो. इंजिनासाठी टेबलाखाली लाकडाची खाच असलेली बैठक केली आहे, त्यात ते सरळ उभं बसतं. टाकी पूर्ण रिकामी करतो. उरलेली चासी इतकी हलकी होते की मी आणि बायको मिळून उभी करून पट्ट्याने भिंतीला आवळतो.

हे सगळं भरून पुन्हा मोजलं. बाकीची हलवाहलव धरून गणिताने २०९ येत होतं, काट्याने ७० दाखवले, म्हणजे २१०. खिडकीत बसलं, पण २२७ च्या फार जवळ. शिवाय एखाद्या वेळी मुलं थंड पेयांचा खोका पुढच्या दारातून आत ढकलणारच. म्हणून शिशाची १९ किलोंची पेटी अ‍ॅक्सलच्या रेषेवर आणून जमिनीला बोल्ट केली. दांडी २०१ किलोंवर आली, एकूण वजनाच्या सुमारे १३ टक्के. तिथेच थांबलो.

पट्टे कशाला धरतात

ई-ट्रॅक उपटला गेला त्याचं कारण शोधायला भिंतीचा प्लाय उघडला. प्लाय ⅜ इंचाचा, आणि त्याच्या मागे दर १६ इंचांवर पोलादी उभे खांब. माझे स्क्रू खांबांच्या मधल्या पोकळीत लाकडाच्या त्या पातळ पापुद्र्याला धरून होते. अमेरिकेत मालवाहू ट्रकांसाठी जो बांधणीचा नियम आहे, तो पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर गृहीत धरतो. आमच्या खासगी ट्रेलरला तो लागू नाही, पण मापदंड म्हणून चांगला आहे. ७५ किलोंच्या कार्टला जोराच्या ब्रेकखाली ६० किलोंचा ओढा. हा आकडा काही फार नाही. पण पट्टा तिरका असतो, आधीच ताणलेला असतो, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का तोच स्क्रू थोडा थोडा वर खेचत राहतो.

आता भिंतीवरचे ई-ट्रॅक प्रत्येक खांबात पाव इंची स्क्रूंनी धरलेले आहेत. खांब कुठे आहेत ते लोहचुंबक फिरवून सापडतं. पण मुख्य भार जमिनीवर घेतला आहे. तिथे दोन ई-ट्रॅक लांबीला टाकले, ¾ इंचाच्या प्लायमधून आरपार खालच्या पोलादी आडव्या पट्ट्यांत बोल्ट नेले आणि खालून वॉशर-नट लावले. हे करायला ट्रेलरखाली पाठीवर झोपून दोन रविवार गेले. संपूर्ण कामात सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

पट्टा कार्टच्या कुठल्या भागाला घालायचा हेही शिकावं लागलं. फक्त चासीच्या मुख्य पाइपांना. मागच्या अ‍ॅक्सलला नाही, स्टिअरिंगच्या टाय-रॉडला नाही, प्लॅस्टिकच्या बंपरला नाही, सीटला तर नाहीच. चार पट्टे, पुढचे दोन पुढे तिरके, मागचे दोन मागे. कार्टला सस्पेन्शन नसतं, हे इथे लक्षात ठेवावं लागतं. मोटरसायकल बांधताना स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पट्टा ताणून धरते. कार्टमध्ये लवचीक असे फक्त टायर आणि चासी. फार आवळलं तर चासीवर सतत ताण राहतो, आणि कार्टची सगळी पकड त्या चासीच्या वाकण्या-सरळ होण्यावर अवलंबून असते. कमी आवळलं तर टायर खड्ड्यात उडतो आणि हूक सुटतो. टायर किंचित बसेल इतकंच आवळायचं आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून पुन्हा हात लावून पाहायचं. संध्याकाळी परतताना तर नक्कीच, कारण रेसनंतर गरम टायर थंड होताना दाब उतरतो आणि पट्टे सैल पडतात.

पेट्रोल

पहिल्या मांडणीत पेट्रोलचे कॅन आत कपाटात होते. जूनच्या उन्हात दुपारी दार उघडलं की वास अंगावर यायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि माझी बॅटरी व तिचा चार्जर नेमके जमिनीलगत होते. त्या दिवसांत काही झालं नाही हे आमचं नशीब.

आमच्या दोन्ही घरांनी याबाबतीत एकच नियम केला आहे : पेट्रोलचा कॅन डब्याच्या आत प्रवास करत नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही. रिकामा कॅन वाफेने भरलेला असतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. दोन्ही कॅन बाहेर दांडीवरच्या हवा खेळत्या पेटीत, जनरेटरशेजारी बांधलेले. बऱ्याच क्लबांत रेसचं इंधन ट्रॅकवरच विकत घ्यावं लागतं, त्यामुळे जाताना कॅन रिकामेच असतात आणि दांडीचं गणित फारसं बदलत नाही. कार्टच्या टाक्याही निघण्याआधी उपसतो. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला जाळीच्या झडपा बसवल्या, चालत्या गाडीत त्यांतून हवा वाहते. बॅटरी नाकात टेबलाच्या उंचीवर चढवली, आणि तिच्या वायरला फ्यूज अगदी बॅटरीच्या टोकाशी. अग्निशामक दोन आहेत, एक पुढच्या दाराशी आणि एक रॅम्पपाशी, म्हणजे आत कुठेही असलो तरी बाहेर पडायच्या वाटेवर हाताला लागतो. जनरेटर ट्रॅकवर वापरताना ट्रेलरपासून २० फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाऊस आला म्हणून तो रॅम्पच्या आडोशाला ओढायचा मोह होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिवे, भिंतीचा पांढरा रंग, टायर टांगायच्या दांड्या यांत सांगण्यासारखं फार नाही. जमिनीला वाळू मिसळलेला रंग दिला, रॅम्पवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. त्या आधीच चिकटवायला हव्या होत्या, कारण एका पावसाळी सकाळी बायको तेलकट रॅम्पवरून घसरली आणि मनगट महिनाभर दुखत होतं.

ट्रॅकवर

जड सामान पुढे गेल्यावर माझा पहिला मुद्दा, आधी लागणारं दाराजवळ, मोडीत निघेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आधी काय लागतं याची मी एकदा नीट नोंद केली. सर्वांत आधी लागतो मांडव. तो २५-२८ किलोंचा, लांबट, आणि उजव्या भिंतीला रॅम्पजवळ उभा राहतो. त्यानंतर कार्टचे घडीचे स्टँड, ते डावीकडच्या बोळीत मागे टांगलेले. मग कार्ट. हत्यारं यानंतर लागतात, आणि तोवर पुढचं दार मोकळं झालेलं असतं. हे दार उजव्या बाजूला असल्याने मांडवही ट्रेलरच्या उजवीकडेच टाकायचा, म्हणजे शेगड्यापासून कार्टपर्यंत चार पावलं. डावीकडे टाकला तर दिवसभर ट्रेलरला वळसा घालावा लागतो. त्यामुळे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर ट्रेलर उभे करायच्या आवारात जागा घेताना आम्ही आता ट्रेलर कुठल्या बाजूने आत घ्यायचा हे आधी ठरवतो. पूर्वी उतरवायला तासभर जायचा, आता वीस-पंचवीस मिनिटांत पहिली कार्ट स्टँडवर असते.

ऑगस्टमध्ये न्यू कॅसलला जाताना आय-७० वर असेच मोठमोठे ट्रक शेजारून गेले. झोत जाणवला, ट्रेलर एकदा हलला आणि पुन्हा गाडीच्या मागे सरळ आला. आबा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त आरशात पाहत राहिले.

पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला आता पेन्सिलने नोंदी आहेत : तारीख, दांडीवरचा भार, चाकांतली हवा. सामानात काहीही बदल झाला की पुन्हा फळी आणि काटा बाहेर येतो. पुढच्या वर्षानंतर मुलगा कॅडेटमधून वर जाईल. त्याची कार्ट तेव्हा ज्युनिअरइतकीच रुंद असेल, आणि ती २८ इंचांच्या बोळीत उभी करता येईल की नाही हे आत्ताच सांगता येत नाही. मित्राने पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला आहे. येत्या रविवारी तो आत उभा करून पाहणार आहोत.